काळी चार

"इनला इन लावलंय, आऊटला आऊट. आता ह्यात काय चुकतंय?" दिलावर म्हणाला.

सबीनानं टेबलामागून डोकं काढून बापाकडे बघितलं. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती कॉम्प्युटरची लॅब सांभाळते. तिनं केबलच्या दोन्ही गोल पिना वाजवायच्या कॅसिओतून उपसल्या आणि अदलाबदल करून बसवल्या.

"अब्बा, एकाच्या तोंडातून निघालेलं दुसऱ्याच्या कानात जायला पाहिजे. तुम्ही तोंडाला तोंड लावलंय आणि कानाला कान."

समोरच्या खुर्चीत सयाजी गालात हसला. पंचवीस वर्षांनी तो या घरात आला होता, आणि हसायला कारण मिळाल्यामुळे त्याला जरा बरं वाटलं.

पंचवीस वर्षांपूर्वी उंब्रजात दोघांची एकच बेंजो पार्टी होती, ट्रकवरून वरातीत वाजवणारी. सयाजी फौजेच्या बँडमधून पेन्शनीत आलेला, दिलावर घरच्या पेटीवर शिकलेला. कराडातून त्यांनी एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणला. दुकानदाराच्या माणसानं तो कॅसिओला जोडून दिला. कुठला सूर, कधी, किती जोरात दाबला, एवढंच ते यंत्र टिपून ठेवायचं आणि सांगितलं की कॅसिओकडून हुबेहूब वाजवून घ्यायचं. लग्नाची सुपारी नसली की दोघं आळीपाळीनं वाजवत बसायचे. रेकॉर्डिंगचं बटण दाबलेलंच असायचं.

एक दिवस रेकॉर्डिंग घाईत पळवताना त्यात एक धून सापडली, आणि दोघांनी ती लगेच आपापल्या पट्टीत उचलली. नाव नाही, गाव नाही. शिरवळपासून सांगलीपर्यंत वरातीत ती धरली की नवरदेवाचा मामासुद्धा गाडीतून उतरायचा. मग दिलावर म्हणाला, माझी. सयाजी म्हणाला, माझी. दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नव्हतं, हीच खरी अडचण. भरपूर वाजवणाऱ्या माणसाला चांगलं निघालेलं सगळं आपलंच वाटतं, वाईट तेवढं जोडीदाराचं.

पार्टी फुटली. ट्रक दोन झाले आणि दोन्हींवर एकच पाटी रंगली: 'मूळ धून आमचीच'. दिलावरनं रागानं केबल उपटली. राग उतरल्यावर इनला इन, आऊटला आऊट जुळवून परत लावली, तर यंत्र मुकं. सयाजीनंच जाताना बिघडवलं, असं त्यानं गावभर सांगितलं. सयाजीनं ते मनात ठेवलं.

परवा सबीनानं कॉम्प्युटर उघडला, आतला सेल बदलला, आणि फाईल शाबूत असल्याचं तिला दिसलं. तिनंच दोघांना एका खोलीत बसवलं. तुळशीची लग्नं आठवड्यावर आली होती. ठरलं ते असं: ज्याचा हात निघेल त्याची धून. दुसऱ्यानं पाटी पुसायची आणि पुन्हा कधी ती वाजवायची नाही. हात ओळखायला पंच नको होते. सयाजी पट्ट्या ठोकतो, दिलावर घसरवतो. दोघांनाही एकमेकांची खोड पाठ होती.

फिरदोसनं, दिलावरच्या बायकोनं, चहा आणून ठेवला आणि ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. कॉम्प्युटरचं टेबल पहिल्यापासून त्या दारालाच लागून होतं. ह्या धुनेबद्दल ती आयुष्यात एकदाच बोलली होती, पार्टी फुटायच्या आधी. तुमी लय पळवताय, मधी जरा दम खाऊ द्या तिला, असं काहीसं. दोघं पोट धरून हसले होते. त्यानंतर दोघांचं कशावर एकमत झाल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

"लाव," सयाजी म्हणाला. आवाज फौजेतला होता, हात मात्र मांडीखाली दाबलेले.

सबीनानं बटण दाबलं. कॅसिओ वाजू लागला.

पहिल्या ओळीलाच दोघं पुढं सरकले. धून तीच होती, पण चढ्या पट्टीत. दिलावर सगळं काळी एकमध्ये वाजवतो, सयाजी पांढरी चारमध्ये. ही निघाली काळी चार. बाई गायला बसली की पेटीवाला धरतो ती पट्टी.

"तू कवा काळी चार धरलीस रं?" दिलावरनं विचारलं. पंचवीस वर्षांतला हा पहिला सरळ प्रश्न.

"म्या न्हाई. तू?"

दिलावरनं नकारार्थी मान हलवली.

पडद्यावर प्रत्येक सुरापुढं जोराचा आकडा उमटत होता. सयाजीचा जोर शंभराच्या खाली कधी येत नाही. इथं तीस, पस्तीस, एखादा चाळीस. शेजारच्या खोलीत कोणी झोपलं असावं, असा हात. ठोकणं नव्हतं, घसरणं नव्हतं. वरातीसाठी तर ती नव्हतीच. एका सुरावरून दुसऱ्यावर ती सावकाश, बघत बघत जात होती. दोघांनीही ती हजारदा वाजवली होती. ऐकत आज होते.

आणि मध्यावर, सूर अर्धा टांगून, ती थांबली.

पडद्यावरची रेघ पुढं सरकत होती. आकडा मात्र उमटेना. पाच सेकंद गेले, दहा गेले.

"बिघडलं बघ परत," दिलावर म्हणाला. सवयीनं त्याची नजर सयाजीकडं गेली, आणि या वेळी लगेच खाली वळली. सबीनानं केबल चाचपायला हात पुढं केला.

"हात नको लावूस," दारातून फिरदोस म्हणाली. "तव्यावरची भाकरी करपत व्हती म्हणून उठले व्हते. येईल आता."