बायकोची सही
विक्रीखताच्या प्रत्येक पानाच्या तळाशी पेन्सिलची बारीक फुली होती. तिथं विमलनं सही करायची होती. गोव्यातल्या कायद्यानं घर अर्धं बायकोचं असतं, म्हणूनच नवरा तिला रजिस्ट्रारकडे घेऊन आला होता. घटकराज्य झाल्यापासून पर्वरीत इमारती वाढत होत्या. डिचोलीचं घर विकून तिथं फ्लॅट घ्यायचं त्यानं परस्पर ठरवलं होतं. घराचा नकाशा, लेकीचं स्थळ, सगळं तिला ठरल्यावरच कळायचं. “वाचीत कित्याक बसलंस गो? सायब खोळंबलेत,” तो पुटपुटला. दलाल हसला. “बाई मास्तरीण ना, चुका शोधतायत.” रजिस्ट्रारनं रिवाजाप्रमाणे विचारलं, “बाई, राजीखुशीनं विकताय ना?” “व्हय, व्हय,” नवरा म्हणाला. “तुम्हाला नाही, त्यांना विचारलं.” पंचवीस वर्षांच्या संसारात तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. तिनं पेनाला टोपण लावलं. “नाही. मी विकणार नाही. फ्लॅट हवाच असेल, तर तिथं हे एकटेच राहतील.”