पाय धरणारी

"घट्ट धर!" उस्ताद ओरडले.

इत्तोनं रकियाचे दोन्ही घोटे छातीशी आवळले. रकिया फरशीवर उताणी. पायांचे तळवे वर. उस्तादांच्या हातात गॅसची रबरी नळी.

"सात आठे?"

रकियाची नजर नळीवर.

"तोंडात खजूर कोंबलाय का गं? तुझ्या बापानंच सांगितलंय मला. म्हणाला, उस्ताद, पोर तुमच्या हवाली; तुम्ही कापा, मी सोलतो."

सपकन.

"एक!" वर्गानं एका सुरात मोजलं. जो मोजणार नाही, पुढची पाळी त्याची.

अ‍ॅटलस पर्वताच्या उतारावरच्या त्या शाळेत इत्तोएवढी दणकट मुलगी दुसरी नव्हती. मुलींचे पाय तीच धरायची. धरणारीला मार नसायचा.

"दोन!"

प्रश्नही नसायचे. दोन वर्षांत इत्तोला एकही पाढा आला नव्हता, आणि ते कुणाला कळलंही नव्हतं. हातातले पाय सुटले असते, तर कळलं असतं.

"तीन!"

हिवाळ्यापासून मागची तीन बाकं रिकामी. फाद्मा गालिच्याच्या मागावर बसली. इज्जा शेळ्यांमागे गेली. तुदा घरातच असते, शाळेचं नाव काढलं की अंथरूण ओलं करते. तिघींचे पाय इत्तोनंच धरले होते.

"चार!"

कातडी फाटली. इत्तोच्या हनुवटीवर काहीतरी कोमट उडालं. आज सकाळीच शाळेच्या वाटेवर रकिया हाच पाढा म्हणत होती. घडाघडा. उड्या मारत.

इत्तोचे हात सुटले. तिचं तिलाच कळलं नाही.

"छप्पन्न!" ती म्हणाली. "तिला येतं, उस्ताद. तुम्हाला बघितलं की जातं."



"अस्सं!" उस्ताद हसले. "मग वकीलबाई, आठ आठे?"

इत्तो बोटं मोजू लागली.

"बरं, सहा आठे?"

गप्प.

"दोन वर्षं माझ्या शेजारी उभी, आणि डोक्यात भुसा! चपला काढ."

इत्तोनं चपला काढल्या. मघाशी रकिया होती, त्याच जागी ती स्वतः आडवी झाली. फरशी ओली होती.

"हिला कोण धरतंय?"

रकिया भिंतीच्या आधारानं कशीबशी उभी राहत होती. या वर्गात तिचा आवाज कधी कुणी धड ऐकला नव्हता. आता तो सगळ्यांच्या आधी आला, खणखणीत.

"मी धरते, उस्ताद."