अडखळ

सुनेने स्विच दाबला आणि आवाज आला. गुळगुळीत, भरदार, एकसंध. म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिकने समाधानाने मान डोलावली. चाळीस वर्षांत त्याच्या टेबलावरून खरखरणारी वस्तू कधी परत गेली नव्हती.

सून मात्र कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. तिने बटण पूर्ण फिरवलं, पुन्हा मागे आणलं.

"बाबा, तुम्ही आत काय केलंत?"

"काय करणार? बटण घट्ट केलं. आत एक जुनाट कपॅसिटर होता, गळका. तो बदलून टाकला."

"मी फक्त बटणासाठी दिलं होतं."

"अगं, उघडलंच होतं, तर म्हटलं होऊन जाऊ दे." जुना कपॅसिटर दिसला की उपटायचा, हा त्याचा शिरस्ता. त्यात विचारायचं काय?

टेबलावर त्याच्या मुलाचा सिंथेसायझर, विजेवर आवाज घडवणारं वाद्य, मांडला होता, वायरींनी एकमेकांना जोडलेले लहान लहान डबे. आज दुरुस्त केलेला हा डबा मुलाने सगळ्यात शेवटी बनवला होता, वारण्याच्या दोन महिने आधी. आवाजाची साधी गोल लहर त्यात शिरायची, मर्यादेबाहेर चढली की चादरीसारखी घडी पडून खाली वळायची. जितक्या घड्या, तितका आवाज खडबडीत. बापाला हे कधी पटलं नाही. "आम्ही जन्मभर आवाज साफ केले, आणि आमचे चिरंजीव चांगला आवाज चुरगाळतात," असं तो गिऱ्हाइकांना हसून सांगायचा. मुलगा शेजारीच असायचा. त्याला उत्तर द्यायला वेळ लागायचा आणि तेवढा वेळ बाप थांबायचा नाही.

"तो कपॅसिटर तुमच्याच भंगारातला होता," सून म्हणाली. "आठवडाभर एकेक लावून बघत होता. नवा एकही चालेना. ह्याने मात्र घडीच्या जागी आवाज अडायचा, दोन-तीनदा धडपडायचा आणि मग सुटायचा. मी म्हटलं, अरे, हे बिघडलंय. तर म्हणाला, 'ना... ना... नाही. हा मी आहे.'"

मुलाच्या बोलण्याचा विषय घरात कुणी काढत नसे. मुलगा शब्दावर अडला की बाप तो शब्द पुरा करून द्यायचा, एवढंच. मुलगा चौतीस वर्षांचा झाला तरी.

त्याने भंगाराचा डबा टेबलावर उपडा केला. तसलेच मेणचट कपॅसिटर पन्नासेक निघाले. सकाळी काढून टाकलेला तेवढा ओळखू आला, कारण त्याच्या एका पायाला ताजं सोल्डर चकाकत होतं. दुसरा पाय मुळाशी तुटलेला होता. पकडीने उपटताना त्यानेच तोडला होता, घाईघाईत.

"लागेल परत?" सुनेने विचारलं.

"डाग देताना जास्त तापला तर संपलाच."

त्याने ब्लेडने मेण खरवडलं. आत तांब्याचं टोक दिसलं, केसाएवढं. सुनेने मोबाइलचा उजेड धरला. इतकी वर्षं तो डोळे मिटूनही डाग द्यायचा; आता त्याने मनगट टेबलाच्या कडेला दाबून धरलं. टोकाला तारेचा तुकडा लावून तापलेलं सोल्डरिंग आयर्न एकदाच टेकवलं. डाग बसला. मग नवा कपॅसिटर काढून त्याने जुना जागेवर लावला.

सुनेने स्विच दाबला.

लहर आली, चढत गेली, घडीच्या जागी पोचली आणि अडली. ठेचकाळून पुन्हा तिथेच आली, पुन्हा अडली. खोलीत तिसरं कुणीतरी बोलायला तोंड उघडून उभं होतं. मेकॅनिकचे ओठ आपोआप हलले, ते त्याने घट्ट मिटून घेतले.

"बटण थोडं मागे घेऊ का?" सुनेने डोळे पुसत विचारलं. "म्हणजे लवकर सुटेल."

"राहू दे." म्हाताऱ्याने खुर्ची ओढली आणि तो त्या डब्यासमोर बसला. "मला घाई नाही."