मोटार कोण भरतं?

"शिवणयंत्रं किती घेणार?" साहेबांनी फाईलवरून नजर न काढता विचारलं.

लंकाबाई शेवाळे खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती. तिला वाटलं, साहेब चुकून दुसऱ्याच कुणाची फाईल बघताहेत.

"शिवणयंत्र नाय साहेब. मी मोटारी भरते."

"काय भरता?"

"विहिरीवरच्या मोटारी. जळाली की जुनी तार काढायची, नवी भरायची. देवळ्याला त्याचंच दुकान टाकायचंय मला. कर्ज त्याच्यासाठीच मागितलं."

नाशिकच्या त्या खोलीत टेबलापलीकडे तिघं होते. कर्ज आणि अनुदान मंजूर करणाऱ्या समितीचे साहेब, त्यांचा कारकून आणि देवळ्याच्या बँकेचे मॅनेजर देवरे. साहेबांनी फाईल फिरवून तिच्यापुढे सरकवली. बारा पानांचा इंग्रजी अहवाल, आणि पहिल्याच पानावर शिवणयंत्राचं चित्र.

आता लंकाबाईच्या डोक्यात प्रकाश पडला. अहवाल टाइप करून देणाऱ्या एजंटाने अर्जावर बाईचं नाव बघितलं आणि दुसऱ्या कुठल्या तरी बाईचा शिवणकामाचा अहवाल जसाच्या तसा उतरवून दिला. मेल्याने एका शब्दाने विचारलं असतं तर काय त्याची जीभ झिजली असती? आणि हिला इंग्रजी कुठून येणार! जाड फाईल बघून हिनेही समाधान मानलेलं.

साहेब मनाने वाईट नव्हते. म्हणाले, "बाई, कशाला घोळ घालता? शिवणकाम म्हणा, मी आत्ता सही करतो. बायकांच्या शिवणाच्या फाईलीला कुणी नाही म्हणत नाही."

कर्जाच्या योजनेला वयाची अट होती आणि पुढच्या महिन्यात लंकाबाई ती अट ओलांडणार होती. पुन्हा अर्ज करायची सोय नव्हती. मान डोलावली असती तर काम फत्ते होतं. तिने पदराने तोंड पुसलं. खोटं बोलायचं म्हटलं तर तेही धड जमेना.

"नको साहेब," ती म्हणाली. "उद्या बँकेचं माणूस दुकान बघायला आलं, तर मी काय मोटारी लपवत फिरू?"

कारकून हसला. "मोटारी यजमान भरत असतील. नाव तेवढं तुमचं."

"घरातला फ्यूज गेला तरी यजमान मलाच हाक मारतात."

यावर साहेबही हसले. देवरे तेवढे हसले नाहीत. इतका वेळ गप्प बसलेले ते आता पुढे सरकले. "बाई, मी मेशीचा. शेती आहे माझी तिथं. आमच्याकडच्या सगळ्या मोटारी गोरक्षशेठच्या दुकानात जातात. मी दहा वेळा गेलो असेन. तिथं मला कधी बाई दिसली नाही."

"दिसणार कशी? मी पडद्याआड बसते. बाईच्या हातात मोटार बघितली की गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून शेठनं पडदा लावलाय. नऊ वर्षं झाली. शेठ माणूस वाईट नाय, काम त्यांनीच शिकवलं. पण नाव त्यांचंच होतं."

"हे कुणीही सांगेल," देवरे म्हणाले.

लंकाबाईने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग सावकाश बोलायला लागली.

"मेशीच्या देवरेसाहेबांची मोटार पाच हॉर्सपॉवरची. तिचा एक पाय तुटलेला, वेल्डिंग करून जोडलाय. पंख्याच्या झाकणाला एक बोल्ट सायकलचा हाय. दर साली ऐन कांद्याच्या पाण्याला जळायची. मी उघडली तर आधीच्या दुकानवाल्यानं तार बारीक घातलेली. दोन पैसे वाचवले त्यानं. मी जाड तार घातली, दोन दिवस बसून. त्याच्यानंतर जळाली का साहेब?"

साहेब देवऱ्यांकडे बघायला लागले.

"नाही," देवरे म्हणाले. "चार वर्षं झाली. नाही जळाली."

त्यांनी फाईल स्वतःकडे ओढली. अहवालाची बाराच्या बारा पानं काढून बाजूला ठेवली, कारकुनाकडून कोरा कागद घेतला आणि पेनाचं टोपण उघडलं. "सांगा, काय काय लागेल दुकानाला?"

लंकाबाईने सांगितलं. कॉईल गुंडाळायचं यंत्र, तांब्याची तार, तारांमध्ये घालायचा कागद, वार्निश, मोटार सुकवायची भट्टी. कशाची किंमत काय, तेही तोंडपाठ. कितीदा रात्री पडल्या पडल्या तिने ते दुकान मनात मांडलं होतं. पाऊण पानात अहवाल संपला. साहेबांनी तो वाचला, "हे मला कळलं तरी," असं पुटपुटले आणि खाली मंजुरीची सही ठोकली. कारकुनाने शिक्का मारला.

लंकाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतका आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

देवरे मात्र अवघडून बसले होते. "बाई, एक सांगू का? मोटार चांगली भरली म्हणून दर दिवाळीला मी गोरक्षशेठला पेढ्यांचा बॉक्स पाठवतो."

"ठाऊक हाय. त्यातला एक पेढा शेठ पडद्याआड आणून द्यायचे."

देवऱ्यांचा चेहरा उतरला. "यंदा बॉक्स तुमच्याकडे पाठवतो."

"पाठवा," लंकाबाई उठता उठता म्हणाली. "त्यातला एक मी शेठला नेऊन देईन."