तारखांवरची बाई

तोंडाला लावायच्या स्नोचं पातेलं नुकतंच चुलीवरून उतरलं होतं, तेवढ्यात शेषराव नवं कॅलेंडर घेऊन खुर्सीपार वस्तीतल्या चिंतामणी-वासंतीच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरला. रसायनं विकणाऱ्या कंपनीचा हा फिरता माणूस. दर डिसेंबरला नागपूरहून यायचा, स्टिअरिक अ‍ॅसिडची ऑर्डर घ्यायचा आणि भिंतीला एक बाई देऊन जायचा.

बाई चित्रातली. कंपनी विकायची ते या अ‍ॅसिडचे मेणासारखे पांढरे पापुद्रे, तेही स्नो बनवणाऱ्यांनाच. पण कॅलेंडरवर पापुद्रा औषधालाही नाही. गालावर दोन बोटं टेकवून बाई आपली हसायची. चित्र जाड पुठ्ठ्यावर, त्याखाली टाचलेला तारखांचा गठ्ठा. चिंतामणी-वासंतीचं लग्न झालं, धंदा सुरू झाला, तेव्हापासून तारखा बदलल्या, बाई तीच. तिचा सैल अंबाडा पाहून वासंतीही तसाच बांधायला शिकली. गोड दिवस होते ते. पोलादाच्या प्लांटचा भोंगा वाजायचा, घरात अत्तराचा वास भरलेला असायचा आणि नवराबायको डब्या भरत बसायची.

शेषरावानं कॅलेंडरवरचा कागद सोडला. मोकळ्या केसांची, विशीतली कोणी पोरगी होती.

"अन् ते बाई कुठं गेली?" वासंतीनं विचारलं.

"कंपनीनं बदलवली, वहिनी. वय दिसाले लागलं होतं म्हणे तिचं."

"अ‍ॅसिड बदलवलं का?"

"नाही जी. तेच हाये."

"मंग बाई कावून बदलवली?"

शेषरावानं ऑर्डरचं पुस्तक उघडलं. वासंती पातेल्यातला लाकडी दांडा पुन्हा फिरवू लागली, पण मान काही वर करेना. स्नोत पडणाऱ्या कॉस्टिक सोड्यानं खरखरीत झालेला डावा हात तिनं पदराखाली घेतला. चित्रातल्या बाईचं काय मनाला लावून घ्यायचं, हे तिलाही कळत होतं. तरी लागलं.

चिंतामणी बायकोचं कौतुक करणाऱ्यातला नव्हता. बाजारात तिची साडी कोणती होती विचारलं, तर त्याला सांगता आलं नसतं. तो उठला, पक्कड घेतली. भिंतीवरच्या बाईखालचा संपत आलेला गठ्ठा काढला, नव्या पोरीखालचा काढला आणि नव्या तारखा जुन्या बाईखाली ठोकून तिला परत खिळ्यावर लटकवलं. पोरीचा पुठ्ठा त्यानं वासंतीपुढं धरला.

"घे. पातेल्यावर झाकाले कामी येईन."

"असं नोका करू, भाऊ," शेषराव म्हणाला. "उद्या साहेब आला अन् त्यानं पाह्यलं, त मी काय सांगू?"

"सांगा," चिंतामणी म्हणाला, "इथला स्नो जुन्या बाईच्या हातचाच खपते."

वासंतीनं दांडा काठाला टेकवला. त्याला लागलेला स्नो दोन बोटांवर घेतला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या गालाला लावला.