खालचा ओठ

दात पुढे म्हणून सुकेशिनीला दोन स्थळांनी नाकारलं होतं. नुसत्या तारा लावून दात मागे घ्यायचे तर दोन वर्षं जाणार होती. "तवर पोरगी पंचविशीला टेकेल," म्हणत तिची आई कलावती तिला भिवंडीहून मुंबईला घेऊन गेली. दात लवकर सरकावेत म्हणून तिथल्या डॉक्टरांनी हिरड्या उघडून वरच्या-खालच्या जबड्यांच्या हाडांना बारीक चिरा दिल्या, मग तारा बांधल्या. सात महिन्यांत दात ओळीत आले. खालचा ओठ मात्र बधिर झाला, तो तसाच राहिला.

"आये, दुसऱ्या कुनाचा ओठ लावल्यासारखा वाटतो गं."

"पावन्यांपुढं बोलू नको, म्हंजे झालं."

रविवारी पडघ्याहून पाहुणे आले. पोरीचे दात आधी पुढे होते, हे मध्यस्थाने त्यांना सांगितलं होतं. "पोरी, तू पन घे की चहा," मुलाच्या आईने आग्रह केला. सुकेशिनीने पदरात धरून स्टीलचा ग्लास उचलला आणि कड खालच्या ओठाला टेकवून फुंकर घालत बसली. ओठ लालबुंद झाला, तरी तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. आता यांना कळणार आणि हेही स्थळ जाणार, असं कलावतीला वाटलं.

मुलाच्या आईने ग्लास हळूच काढून घेतला. तिने तो ओठ नीट निरखला.


"एवढा चटका बसला, पन तोंडातून हूं की चूं न्हाय. विहीणबाई, दात पुढं असते तरी आमी हीच पोरगी नेली असती."