उतरलेला षड्ज

भर मैफलीत वीज गेली आणि मुकुंदरावांनी स्वतः जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा लाल दिवा विझला. सूर मात्र थांबला नाही. त्यांच्या पत्नी शैलजाताई डोळे मिटून गातच होत्या, आणि तानपुरा त्यांच्या मांडीजवळच्या मोबाइलमधून झंकारत होता.

मुकुंदरावांना तो हुबेहूब आपल्या यंत्राचाच सूर वाटला. गेल्या वर्षी शैलजाताईंची शिष्या गार्गी "नुसतं बघायचंय" म्हणाली, तेव्हा मुकुंदरावांनी हौसेनं यंत्र उघडून तिला सगळं समजावलं होतं. तिनं त्याचंच अ‍ॅप बनवलं होतं. यंत्र आता फक्त शोभेला होतं.

मैफल संपल्यावर मुकुंदरावांनी विचारलं, "दोघींनी मिळून फसवलंत मला?"

"यंत्राचा षड्ज उतरतोय हो," शैलजाताई हळूच म्हणाल्या.

"मग सांगायचं. मी दुरुस्त केलं असतं."

"सांगितलं होतं. तुम्ही यंत्र लावून ऐकलंत आणि म्हणालात, कुठे उतरलाय? पुढे मला बोलवेना."

घरी आल्यावर मुकुंदरावांनी यंत्र सुरू केलं आणि कान जाळीला टेकवला. बराच वेळ ते ऐकत राहिले.

षड्ज त्यांना अगदी चोख वाटला.